१४ फुटी रॉडशिवाय किनाऱ्यावरून मासा लागत नाही?

‘समुद्रावर गरवायचं तर १४ फुटी रॉड आणि १०००० नंबरचीच रील घ्या, बाकी सगळं खाडीतलं खेळणं’ असा एक मेसेज गळाने मासे धरणाऱ्यांत सध्या फिरतोय. (रील म्हणजे दोरी गुंडाळायची चरखी, नंबर तिच्या आकाराचा.) तो अर्धवट खरा आहे, आणि नवख्याला महागात पडणारा.

लांब रॉड लागतो तो उघड्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर. तिथे लाटा फुटतात त्याच्या पलीकडे १०० ग्रॅमच्या वरचं शिसं (दोरीला बांधायचं वजन) भिरकवायचं असतं, म्हणून १२-१३ फूट ठीक. पण कोकणातले जिताडा, तांबोशी, गोबरा हे मासे बहुतेक वेळा खडकांच्या कडेला किंवा खाडीच्या मुखाशीच सापडतात. निसरड्या कातळावर उभं राहून दिवसभर नकली आमिष फेकायला ८ ते १० फुटी रॉड आणि ४०००-५००० ची रील पुरते. १४ फुटी दांडा तासाभरात खांदा उतरवतो, हे मी स्वतः भोगलंय.

खरं बघायचं ते रॉडवर छापलेलं वजन, म्हणजे त्याने किती ग्रॅमपर्यंत फेकता येतं ते. ८० ग्रॅमपर्यंतच्या रॉडवर दीडशे ग्रॅमचं शिसं जोरात भिरकावलं तर लांबी कितीही असो, तो मोडू शकतो. रीलचा नंबर मात्र प्रत्येक कंपनीचा आपापला. एकीची ५००० दुसरीच्या ६००० एवढी असू शकते. शिवाय विणलेली दोरी तेवढ्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा (नायलॉनच्या एकेरी दोरीपेक्षा) बारीक असते, त्यामुळे लहान रीलवरही भरपूर मावते.

‘सॉल्टवॉटर’ (खाऱ्या पाण्यासाठीची) लिहिलेली रील धुवावी लागत नाही, हे त्याच मेसेजमधलं वाक्य तर साफ चूक. घरी आल्यावर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या. जोराची धार नको, मीठ आत ढकललं जातं.