कोरी म्हणजे किती कोरी?

दुपारी डबा खाताना आमच्या गॅरेजमधल्या पोराने मोबाईल माझ्यापुढे धरला. समुद्रात एक अवाढव्य जहाज कुशीवर पडलेलं, पोटात हजारो नव्या गाड्या, आणि खाली लिहिलेलं की कंपनीने त्या सगळ्याच्या सगळ्या तोडून टाकल्या. पोरगं कळवळलं. "शेठ, एक तरी आपल्याला द्यायची ना! थोडं टचिंग केलं असतं, झकास चालली असती."

त्याला काय बोलणार? डेंटिंग-पेंटिंगवाल्याला चेपलेली गाडी दाखवली की त्याला नुकसान दिसतच नाही, काम दिसतं. वीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. पण त्या जहाजाची गोष्ट पुरती कळली तेव्हापासून माझं मत उलटं झालंय, आणि आज ते लिहूनच टाकतो.

जहाजाचं नाव कूगर एस. जुलै २००६. जपानहून अमेरिकेकडे निघालेलं, आत ४,७०३ माझदा गाड्या आणि काही इसुझू ट्रक. जहाजाचा तोल राखायला तळाच्या टाक्यांत समुद्राचं पाणी भरलेलं असतं. एका किनाऱ्याचे जीवजंतू दुसऱ्या किनाऱ्यावर जाऊ नयेत म्हणून ते पाणी भर समुद्रात बदलायचं असतं. अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांपाशी ते बदलताना हिशेब चुकला आणि जहाज साठेक अंशांत कललं. आतल्या २३ जणांना हेलिकॉप्टरने उचललं. जहाज सरळ करायला गेलेल्या तज्ज्ञांपैकी एक जण मात्र त्या तिरक्या डेकवरून घसरून पडला आणि गेला. अशा बातम्यांमध्ये गाड्यांची मोजदाद नेटकी असते, माणूस शेवटच्या ओळीत असतो. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सजवळ फ्रीमँटल हायवे नावाचं गाड्यांचं जहाज पेटलं तेव्हाही तेच. त्यात गेलेला खलाशी आपला, भारतीय होता. आपल्याकडे चर्चा कसली झाली? आतल्या इलेक्ट्रिक गाड्यांची.

असो. कूगर एस ओढत किनाऱ्याला आणलं, आत जाऊन पाहिलं, तर बहुतेक गाड्या जागच्या जागी! पट्ट्यांनी जमिनीला बांधलेल्या, भिंतीवरच्या पालीसारख्या चिकटून. काचा शाबूत, रंग शाबूत. आमच्या पोराचा जीव इथेच अडकलाय.

पण विचार करा. गाडी काही आठवडे साठ अंशांत लटकलेली आहे. इंजिनचं ऑइल जिथे जायला नको तिथे झिरपलं असणार, बॅटरीतलं अ‍ॅसिडही. एअरबॅगच्या सेन्सरवर काय परिणाम झाला हे कोण सांगणार? आज चावी फिरवली की गाडी सुरू होईल हो. पण आठ वर्षांनी कुठल्या तरी घाटात एअरबॅग उघडली नाही तर "ती जहाजातली होती" हे कोणाला आठवणार, आणि कोणाच्या माथी मारणार? कंपनीने बराच काळ खल केला आणि ठरवलं, एकही विकायची नाही. किंमत होती जवळपास १० कोटी डॉलर.

मग अमेरिकेत पोर्टलंडला त्यांनी चक्क उलटा कारखाना लावला. एका गाडीतल्या सगळ्या एअरबॅग फोडायच्या. ऑइल, कूलंट, पेट्रोल काढून घ्यायचं. बॅटरी निकामी करायची. टायर कापायचे, अलॉय व्हील कापायची, सीडी प्लेयरसुद्धा चेचायचा. शेवटी सांगाडा श्रेडरमध्ये, म्हणजे पत्र्याचा चुरा करणाऱ्या यंत्रात. सिनेमावाल्यांनी गाड्या मागितल्या, शिकवायला म्हणून शाळांनी मागितल्या. कोणालाही दिल्या नाहीत.

सीडी प्लेयर कशाला चेचायचा, असं पोराने विचारलं. विम्यासाठी! विमा कंपनीने पूर्ण नुकसानीचे पैसे मोजलेत. आता यातला एक टायर जरी बाजारात आला तरी ते एकाच मालाचे दोनदा पैसे खाणं झालं. आपल्याकडे टोटल लॉसच्या, म्हणजे विम्याने पूर्ण बाद ठरवलेल्या गाडीचं काय होतं हे आमच्या धंद्यातल्यांना सांगायला नको. सॅल्व्हेजमध्ये, म्हणजे भंगार म्हणून, गाडी विकली जाते ती पत्र्यासाठी थोडीच? कागदांसाठी जाते. पुढे तेच चेसिस नंबर चोरीच्या गाडीवर ठोकलेले सापडतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर दोनेक वर्षं आमच्याकडे "मुंबईची, सिंगल ओनर, एकदम स्वस्त" अशा गाड्या यायच्या. सीटखालचं कार्पेट उचललं की वास यायचा. सीटच्या रुळात वाळलेला गाळ. वायरिंगचा कपलर उघडला की आत हिरवी बुरशी. घेणारा बिचारा वर्षभर इलेक्ट्रिशियनकडे हेलपाटे घालायचा. त्यापेक्षा माझदाने गाड्यांचा चुरा केला ते शहाणपणाचं. वाया गेल्या म्हणून मला हळहळ वाटते, पण राग येत नाही.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तिचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

बुडालेल्या, पेटलेल्या जहाजातल्या गाड्या निदान सगळ्या जगाला ठाऊक असतात. पण रोजच्या वाहतुकीत ज्या किरकोळ खराब होतात त्यांचं काय? या जहाजांत गाड्या किती दाटीने लावतात माहितीये? शेजारच्या दोन गाड्यांमध्ये जेमतेम वितीएवढं अंतर. चढवणाऱ्या ड्रायव्हरच्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा बाहेर नको, ओरखडा जातो. शिवाय खारी हवा, चिमणीची काजळी, पक्ष्यांची विष्ठा. आपल्या चाकणहून मुंबई बंदरातून मेक्सिकोला गाड्या जायच्या, त्यांनाही हेच सगळं. बंदरात उतरल्यावर प्रत्येक गाडीभोवती माणूस फिरतो, ओरखडा दिसला की नोंद करतो. छोटं काम तिथल्याच वर्कशॉपमध्ये उरकतात आणि गाडी शोरूमला रवाना. गिऱ्हाइकाला कळतं का? इथेच खरी मेख आहे.

यावरचा एक अमेरिकन खटला मला फार आवडतो. आवडायचं कारण, त्यात हिरो आमच्यासारखाच एक पॉलिशवाला आहे. १९९० साली अलाबामातल्या आयरा गोर नावाच्या डॉक्टरांनी चाळीस हजार डॉलरच्या वर मोजून कोरी बीएमडब्ल्यू घेतली. नऊ महिने चालवली, कसलीही तक्रार नाही. मग अजून चमकावी म्हणून पॉलिशवाल्याकडे नेली. त्याने पाहिलं आणि सांगितलं, ही गाडी परत रंगवलेली आहे. निघालं असं, की जर्मनीहून येताना आम्लपावसाने रंग खराब झाला असावा, म्हणून अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात ब्रन्सविकच्या कंपनीच्याच केंद्रात टप, बॉनेट, डिकी आणि मागची कडेची पॅनल रंगवली होती. खर्च ६०१ डॉलर. कंपनीचा नियम होता, दुरुस्ती किमतीच्या ३ टक्क्यांच्या आत असेल तर गाडी नवीन म्हणूनच विकायची, डीलरलाही सांगायचं नाही. हिची दुरुस्ती दीड टक्क्याची. कोर्टात आकडा आला की अशा ९८३ गाड्या विकल्या होत्या.

ज्युरीने नुकसानीचे ४,००० डॉलर दिले आणि कंपनीला दंड म्हणून ४० लाख! राज्याच्या सुप्रीम कोर्टाने दंड २० लाखांवर आणला. १९९६ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी तोही अवाच्या सवा ठरवला आणि शेवटी तो ५० हजारांवर आला. वकील मंडळी हा खटला दंडाच्या रकमेसाठी वाचतात. माझ्यासारख्याला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्युरीचा निकाल लागल्यावर कंपनीने नियम बदलला, लहान-मोठी कुठलीही दुरुस्ती असो, सांगायची. म्हणजे सांगता येत होतं! (योगायोग बघा, याच ब्रन्सविकच्या बंदरातून निघालेलं गोल्डन रे जहाज २०१९ मध्ये सुमारे ४,२०० गाड्या घेऊन कलंडलं. मोठ्या साखळीने कापून त्याचे आठ तुकडे केले. त्या गाड्यांची बातमी जगभर झाली.)

आता माझ्या गॅरेजातलं. मागच्या वर्षी आमचे एक निवृत्त सर नवी कोरी गाडी सिरॅमिक कोटिंगला, म्हणजे रंगावर संरक्षक थर चढवायला घेऊन आले. मराठी शाळेत मला शिकवलेले, त्यामुळे मी अजूनही त्यांच्यापुढे हात पाठीमागे बांधून उभा राहतो. गाडी घेऊन अकरा दिवस झालेले, हार अजून आरशाला. कोटिंगच्या आधी मी रंगाची जाडी मोजायचं मशीन फिरवतो. बॉनेट ११०, टप १०५, पुढचे दरवाजे ११५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग). कंपनीचा रंग साधारण एवढाच असतो. डावा मागचा दरवाजा २४०, म्हणजे रंगावर रंग.

मी परत मशीन लावलं. २३५. मग दरवाजाच्या कडेचं रबर हळूच उचललं, आत मास्किंग टेपची रेघ आणि रंगाची बारीक धूळ. ही गाडी काही जहाजातून आलेली नव्हती, ट्रेलरवरून आली होती. पण रोग तोच.

"सर, दरवाजा कुठे घासला होता का?"

"अरे, अजून मंडईत सुद्धा नेली नाही मी ती."

शोरूमवाल्यांनी आधी हात वर केले. मग "सर, ते मायनर टचअप असतं, पीडीआयमध्ये, म्हणजे गाडी देण्याआधीच्या तपासणीत, होऊन जातं" असं म्हणाले, आणि वर मॅट आणि सीट कव्हर फुकट देऊ केले. सर म्हणाले, मला मॅट नको, दरवाजा रंगवलाय हे लेटरहेडवर लिहून द्या. ते काही मिळालं नाही. दर दोन दिवसांनी मॅनेजर "वरती विचारतो" म्हणायचे.

काम वाईट नव्हतं हो. मी तर म्हणेन, छानच होतं, शेड अगदी जुळवलेली. मीही असंच काम करतो आणि त्याचे पैसे घेतो. पण मी बिल देतो. सरांना आधी सांगितलं असतं की दरवाजाला ट्रेलरवर लागलं, रंगवलाय, पाच-दहा हजार कमी द्या, तर ते हसत गाडी घेऊन गेले असते. उद्या ते विकायला जातील तेव्हा घेणारा असंच मशीन लावेल आणि म्हणेल, "काका, ठोकलीये ना?" सरांनी जन्मात खोटं बोललेलं नाही, आणि तेव्हा खरं बोलूनही कोणी विश्वास ठेवणार नाही.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. भाच्याची गाडी शोरूमच्या यार्डात येऊन उभी आहे, पासिंग व्हायचं बाकी आहे.

"रविवारी मोकळा आहेस का? तुझं ते मशीन घेऊन ये."