बंद गोठा जनावराला वाचवत नाही

पशुपालकांच्या गटांमध्ये एक संदेश मोठ्या प्रमाणावर फिरतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: ऊन असो वा थंडी, गोठा चारी बाजूंनी बंद ठेवावा, तापलेल्या जनावराला पाणी पाजू नये, आणि देशी जनावरांना उन्हाचा त्रास होत नाही.

पहिले विधान सर्वांत घातक आहे. उष्णता केवळ बाहेरून येत नाही. कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चारा आंबताना ती जनावराच्या अंगातच सतत तयार होते आणि दुभत्या गाईत तिचे प्रमाण आणखी वाढते. गाईच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. बाहेरची हवा तेवढी तापली, की घाम आणि श्वास यांवाटे होणारे बाष्पीभवन हाच उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग उरतो आणि त्यासाठी कोरडी, खेळती हवा लागते. ओली पोती लावून गोठा कोंडला, तर आतली आर्द्रता वाढते आणि नेमका तोच मार्ग अडतो. विदर्भातल्या कोरड्या उन्हात ओल्या पोत्यांचा उपयोग होतो हे खरे, पण वारा त्यांतून आत येऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडत असेल तरच. कोकणातल्या दमट हवेत तोही फारसा होत नाही. त्यापेक्षा तापलेल्या पत्र्यावर पाचट किंवा कडबा पसरणे आणि जनावराचे अंग भिजवून त्यावर पंखा लावणे अधिक गुणकारी आहे.

हिवाळ्यातही ताडपत्रीने कोंडलेल्या गोठ्यात मूत्रातून सुटणारा अमोनिया साचतो आणि वासरांना फुफ्फुसदाह होण्याचा धोका वाढतो. निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागातही पोटभर वैरण मिळालेली मोठी गाय कोटीपोटातल्या त्याच उष्णतेच्या बळावर थंडी बरीच सोसते. नवजात वासराकडे ते बळ नसते, म्हणून त्याला वेळेवर चीक, कोरडा पेंढा आणि अंगावर येणाऱ्या झोतापासून आडोसा द्यावा. छताजवळची फट मात्र उघडी ठेवावी.

पाण्याबद्दलच्या विधानात तथ्याचा अंश एवढाच, की फार वेळ तहानलेल्या जनावराने, विशेषतः वासराने, एकदम भरमसाट पाणी पिणे धोक्याचे असते. त्यावर उपाय पाणी तोडणे हा नव्हे, तर ते दिवसभर सावलीत समोर ठेवणे हा आहे. दुभती गाय उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकते.

तिसरे विधान अर्धवट आहे. खिलारसारख्या गाईंची घर्मग्रंथींची रचना आणि सैल कातडी यांमुळे त्या संकरित गाईंपेक्षा ऊन अधिक सोसतात, पण त्या सोसण्यालाही मर्यादा आहे, आणि भर दुपारी औताला जुंपलेल्या बैलाच्या बाबतीत ती लवकर ओलांडली जाते. शिवाय पंढरपुरी आणि नागपुरी म्हशीही देशीच आहेत. त्यांची कातडी काळी, केस विरळ आणि घर्मग्रंथी गाईपेक्षा बऱ्याच कमी. उन्हाळ्यात त्यांच्यात मुका माज, म्हणजे बाहेरून लक्षणे न दिसणारा माज, वाढतो आणि गाभण राहण्याचे प्रमाण घटते. जनावर देशी असो वा संकरित, त्याच्या कुशीची हालचाल मोजावी: विसावलेल्या स्थितीत श्वास मिनिटाला साठांच्या वर गेले, तोंड उघडे राहून लाळ गळू लागली, तर लगेच सावली, पाणी आणि वारा द्यावा आणि पशुवैद्यकाला बोलवावे.