‘नुसता फळा बदलला, खडू तोच’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कंपन्यांच्या जनसंपर्कावरचा माझा लेख वाचून तुम्ही सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा : सोशल मीडियाने काही बदललेलं नाही, नुसता फळा बदलला, खडू तोच. पूर्वी पत्रकारांना पाकिटं जायची, आता इन्फ्लुएन्सरना जातात, आणि मी मात्र ‘संवाद’, ‘पारदर्शकता’ असे शब्द वापरून कंपन्यांची वकिली करतो. शिवाय या सगळ्याचा लहान दुकानदाराला उपयोग काय, असंही तुम्ही विचारलंय.

पाकिटांचं आधी घेतो, कारण तिथे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं. पैसे घेऊन केलेलं कौतुक ‘मला मनापासून आवडलं’ म्हणून खपवणं ही फसवणूकच आहे. ती सर्रास चालते, म्हणून तर २०२१मध्ये जाहिरात मानक परिषदेला इन्फ्लुएन्सरसाठी वेगळे नियम करावे लागले. २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानेही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं आणली. दंड १० लाखांपर्यंत, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. तरीही ‘जाहिरात’ हा शब्द हॅशटॅगच्या रांगेत कुठेतरी शेवटी दडवलेला दिसतोच. याची मला तुमच्याइतकीच चीड आहे.

पण ‘काहीच बदललं नाही’ हे मात्र मी मान्य करणार नाही. त्यासाठी एकाच कंपनीच्या दोन गोष्टी सांगतो. दोन्हींमध्ये वीस वर्षांचं अंतर आहे.

ऑक्टोबर २००३. दिवाळी तोंडावर आलेली आणि मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कमध्ये अळ्या सापडल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाकडे गेल्या. कंपनी म्हणाली, दोष दुकानातल्या साठवणुकीचा. प्रशासनाने विचारलं, मग वेष्टनाचं काय? काही दिवस ही टोलवाटोलवी वर्तमानपत्रांतून चालली. मग कंपनीने ‘प्रोजेक्ट विश्वास’ हाती घेतला आणि दुकानदारांकडे माणसं पाठवून माल कसा ठेवला जातो ते तपासलं. जानेवारी २००४मध्ये जास्त घट्ट सीलबंद वेष्टन आलं, आणि पाठोपाठ अमिताभ बच्चन यांची जाहिरात. यात कंपनीला काय मिळालं ते बघा : वेळ. आणि प्रत्येकाशी वेगळं बोलायची सोय. प्रशासनाशी अधिकाऱ्यांच्या भाषेत, दुकानदाराशी सेल्समनच्या भाषेत, पत्रकाराशी प्रेसनोटच्या भाषेत, तुमच्या-माझ्याशी बच्चनसाहेबांच्या आवाजात. एकाला काय सांगितलं ते दुसऱ्याच्या कानावर सहसा जात नसे.

आता एप्रिल २०२३. कंपनी तीच, फक्त नाव आता मोंडेलीझ. रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेवर इन्स्टाग्रामवर व्हिडिओ टाकला. तो लाखो लोकांनी पाहिला. कंपनीने म्हटलं की व्हिडिओ अशास्त्रीय आहे, आणि वकिलांची नोटीस धाडली. त्याने व्हिडिओ काढला, नोटीस आल्याचंही जाहीर सांगितलं. तिथे चित्र उलटलं. साखरेचं प्रमाण किती, हा प्रश्न मागे पडला आणि ‘एवढी मोठी कंपनी एका पोराला घाबरवते’ ही बातमी झाली. व्हिडिओ त्याच्या पानावरून गेला, पण लोकांच्या फोनमधून फिरतच राहिला. त्याच महिन्यात राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने कंपनीला जाब विचारला. वर्ष संपेपर्यंत बोर्नव्हिटातली वरून घातलेली साखर १०० ग्रॅममागे ३७.४वरून ३२.२ ग्रॅमवर आली होती, आणि एप्रिल २०२४मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितली.

माझ्या मते खरा बदल इथे आहे. वेगाबद्दल सगळेच बोलतात, मला तो दुय्यम वाटतो. वकिलाची नोटीस एका माणसासाठी लिहिलेली असते, तिचा सूर मुद्दामच दरडावणीचा असतो. २००३मध्ये अशी नोटीस पाकिटातच राहिली असती. आता ती गिऱ्हाईक, पत्रकार, सरकारी अधिकारी आणि कंपनीचे स्वतःचे कर्मचारी, सगळे एकाच वेळी वाचतात. वेगवेगळ्या दारांशी वेगवेगळं बोलायची ती जुनी सोय संपली. म्हणून मी जनसंपर्काचं काम बदललं म्हणतो. पूर्वी कायदा विभागाचं पत्र बाहेर पडताना जनसंपर्कवाल्याला कोणी विचारत नसे. आज न विचारता पाठवलं, तर निस्तरायला त्यालाच बसावं लागतं.

वकिलीच्या आरोपाबद्दल : ती नोटीस पाठवायलाच नको होती, असं माझं स्वच्छ मत आहे. साखरेचा आकडा पाकिटावर कंपनीनेच छापलेला होता. त्यावर एका ग्राहकाने बोट ठेवलं तर आकड्याने उत्तर द्यायचं, वकील कशाला?

पण लोकांचा कल हाच न्याय, असंही मी म्हणणार नाही. २०१५चं मॅगीचं प्रकरण आठवा. शिशाच्या आरोपावरून ५ जूनला देशभर बंदी आली. त्या दिवसांत नेस्लेच्या ट्विटर खात्यावरून घाबरलेल्या आयांना ग्लुटामेटबद्दल (चव वाढवणारा पदार्थ, त्यावरूनही वाद होता) तेच ते साच्यातलं वाक्य मिळत होतं. ‘माझ्या मुलाने काल खाल्लंय, काय करू?’ याला ते उत्तर नव्हे. १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली : कंपनीला बाजू मांडायची संधी मिळाली नव्हती आणि चाचण्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत झाल्या नव्हत्या. तोवर हजारो टन माल नष्ट झाला होता. न्यायालयात जिंकूनही लोकांसमोर आधी हरता येतं, ते असं.

आता लहान दुकानदार. समजा एखाद्या फरसाणवाल्याला गुगलवर एक तारा मिळाला : ‘बाकरवडीला खवट वास येत होता.’ बहुतेक जण दोनपैकी एक करतात. एक तर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व, कृपया संपर्क साधा’ हे सगळ्यांना डकवायचं वाक्य, नाहीतर ‘तुम्हाला शेजारच्या दुकानाने पाठवलंय’ असा तडकाफडकी हल्ला. त्याऐवजी चार ओळी लिहाव्यात : ‘कोणत्या तारखेचं पाकीट होतं ते कळवा. त्या आठवड्यातला उरलेला माल आम्ही स्वतः चाखून पाहतो. खराब निघाला तर तुमचे पैसे परत, आणि काय आढळलं ते इथेच लिहू.’ आणि मग खरोखर लिहावं. ते उत्तर तक्रार करणारा वाचेल की नाही कोण जाणे, पण दुकानाबाहेर उभं राहून फोन चाळणारं नवं गिऱ्हाईक नक्की वाचतं.

खोट्या रिव्ह्यूंचं काय, हे तुम्ही विचारणारच. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२मध्ये मानक आणलं, पण ते ऐच्छिक. ते सक्तीचं व्हावं या मताचा मी आहे. त्यात तुमची आणि माझी बाजू एकच असेल असं वाटतं. नसेल तर जरूर लिहा.