कडुनिंबाखालचं जंगल

आमच्याकडं म्हणतात, जगात जर्मनी आणि भारतात परभणी. ह्याच एका वाक्याच्या जोरावर मी दोन वर्षांपूर्वी मागच्या अंगणात कडुनिंबाखाली केरळ करायला घेतलं.

झालं असं की कोकणातल्या एका मित्रानं त्याच्या परसातला फोटो टाकला, पानं कसली तर एकेक सुपाएवढं, गर्द हिरवं, खाली एखादी म्हातारी पावसात उभी राहिली तर भिजणार नाही. मला वाटलं, आपल्याकडं कडुनिंबाची सावली आहे, माती आहे, रविवारी वेळ पण आहे, मग अडलंय कुठं? पाणी मी हिशोबात धरलंच नव्हतं.

खरं तर जरा आजूबाजूला बघितलं असतं तरी कळलं असतं. बाभूळ बघा, बोर बघा, हिवर, तरवड, पानं कशी नखाएवढी. पान जितकं मोठं तितकं उन्हात त्याच्यातनं पाणी उडून जातं, हे इथल्या झाडांना पिढ्यान्‌पिढ्या माहितीय, निवडुंगानं तर पानच नको, काटे ठेवू म्हणून विषय मिटवून टाकला. आणि मी, ज्याला नळ आला की रात्री दोनला उठून मोटर लावावी लागते आणि तो नळही आठ-दहा दिवसांतनं एकदा येतो, मी म्हणायलोय मला सुपाएवढं पान पाहिजे!

सुरुवात होस्टापासनं केली. व्हिडिओत बघितलं होतं, सावलीतल्या झाडांचा राजा वगैरे, म्हणून ऑनलाइन मागवला. पार्सलमध्ये आल्याच्या गड्ड्यासारखं काहीतरी निघालं, आई ते चहात टाकता टाकता राहिली. लावलं, दोन पानं आली, मी सगळ्यांना बोलवून दाखवली, आणि मार्चमध्ये ती दोन्ही मान टाकून गेली. मग वाचलं, की हे झाड मूळचं जपान-कोरियाकडचं, त्याला हिवाळ्यात चांगली काही आठवडे कडक थंडीत झोप लागते, तरच ते पुढच्या वर्षी धड उठतं. आमच्या थंडीचं काय, चार दिवस असं गारठवती की शेकोट्या पेटतात आणि पाचव्या दिवशी परत पंखा. एवढ्या डुलकीवर ते बिचारं कसं भागवणार.

मग मॉन्स्टेरा आणला. तो मेक्सिकोकडच्या जंगलातला, पानाला आपोआप भोकं पडतात म्हणून लोक हौसेनं घेतात. माझ्या रोपट्याला एकही भोक नव्हतं, नर्सरीवाला म्हणला लहान आहे साहेब, मोठं झालं की पडतील. आई रोज बघायची आणि म्हणायची, "पैसे देऊन भोकं पडायची वाट बघायलास, आपली चाळणी तरी बरी की रे."

माती शेतातली आणली होती, फुकट, कापसाची काळीभोर. आता हिच्याइतकी गुणी माती नाही हे मान्य, पण कुंडीत तिचं वागणं वेगळंच. उन्हात अशी भेगाळली की माझं बोट आत गेलं, आणि पाणी घातलं की फुगून गच्च, खाली थेंब सोडंना, मुळं कुजून वास यायला लागला. मग कोकोपीटची वीट आणली पाच किलोची. नेमका त्याच दिवशी गावाकडनं चुलतभाऊ आला होता. ती वीट पाण्यात फुगताना बराच वेळ बघत बसला आणि म्हणला, "आम्ही काळ्या मातीच्या दोन गुंठ्यांसाठी कोर्टात चकरा मारायलोत आन तू नारळाचा भुस्सा इकत आणलास?" ज्या गावात 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे, ज्या गावाच्या नावाची 'परभणी क्रांती' भेंडी कुठं कुठं लागते, त्या गावात मी भुस्सा भिजवत बसलो होतो. काय बोलणार.

आणि ज्याच्या भरवशावर सगळा कारभार मांडला तो कडुनिंब! हे झाड कधी पानं गाळतं हे मी चाळीस वर्षं त्याच्याखाली राहून कधी नीट बघितलं नव्हतं. फेब्रुवारी संपताना, ऊन जरा कुठं तापायला लागलं की हे महाराज सगळी पानं झाडून मोकळे, पाडव्यापर्यंत नवी पालवी, पण मधले दोन-तीन आठवडे डोक्यावर नुसता खराटा. त्या दोन-तीन आठवड्यांत मॉन्स्टेराचं पान मधोमध पांढरं पडलं, मग तपकिरी, मग हात लावला तर पापडासारखं कट्ट! भोक पडलं शेवटी. आईला दाखवलं नाही.

धावत जाऊन हिरवं नेट आणलं, पंचाहत्तर टक्के ऊन अडवणारं, चार खांब, तार, सगळं बांधलं. एप्रिलमध्ये वळवाचं वारं असं आलं की नेट खांबासकट उठलं आणि शेजारच्या काकूंच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर अलगद जाऊन बसलं. मी माफी मागायला गेलो तर काकू म्हणल्या, "असू द्या वो, चिमण्या येईनात आता." ते अजून तिथंच आहे.

पाण्याचं तर विचारूच नका. बोरचं पाणी एवढं जड की पानांच्या कडा जळाल्या आणि कुंडीवर पांढरा थर चढला. कुणीतरी सांगितलं एसीचं पाणी घाला, त्यात क्षार नसतात. बादली लावली पाइपखाली. आता हवेत ओल असली तर एसीतनं पाणी गळणार ना, आमच्या मे महिन्याच्या हवेत ओल कुठली, दिवसभरात तांब्याभर जमलं, ते पण कावळा पिऊन गेला. मग माझं डोकं चाललं, ओलावाच पाहिजे ना, मग कूलर आहे की! हॉलच्या खिडकीतला कूलर उलटा फिरवून तोंड अंगणाकडं केलं. मॉन्स्टेरा खूश. घरात बायको, आई, दोन पोरं घाम पुसत बसलेली. कूलर तीन तासांत परत फिरला, कसा फिरला ते लिहीत नाही.

ह्या सगळ्यात एकच झाड जगलं, शोभेचं काळं अळू. नर्सरीवाल्यानं इंग्रजी नाव सांगून साडेतीनशे घेतले. श्रावणात ते बऱ्यापैकी फुटलं. रात्री मुळांनी जास्त पाणी ओढलं की अळू पानाच्या टोकातनं ते थेंब थेंब सोडतं, हे मला माहीत होतं, आईला नव्हतं. पहाटे ओसरीच्या कडेला झोपलेल्या तिच्या कपाळावर त्याच्या पानातनं टप्पकन थेंब पडला आणि ती उठून बसली ती थेट "माय माय माय, पाल मुतली" म्हणूनच. मी शास्त्र समजावून सांगितलं. ती म्हणली, "म्हणजे झाड मुतलं."

त्याचा सूड असेल किंवा नुसती काटकसर, पुढच्या सोमवारी मी ऑफिसातनं आलो तर ताटात अळूवड्या. खमंग, तिळाच्या. मी दोन खाल्ल्यावर अंगणात नजर गेली. देठं उभी, पानं गायब. "काळं अळू वडीचंच असतंय, मला शिकवतो का," आई म्हणली, आणि तेवढ्यात तिचाच घसा धरला. अळूत सुईसारखे बारीक खडे असतात, वडीच्या अळूत कमी, ह्या शोभेच्यात भरपूर, चिंचेचा कोळ तिनं सढळ हातानं घातला होता तरी काही उपयोग नाही. रात्री साडेनऊला आम्ही पाच जण ओळीनं बसून ताक पितोय, कुणीच बोलत नाही, बोलताच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आईनं तो कंद उपटला आणि न्हाणीमागं, जिथं मोरीचं पाणी जातं तिथं भिरकावला. मी हळहळलो पण घसा बसलेला, भांडणार कसा. आजीच्या घरी पण न्हाणीमागं असंच अळू असायचं, कुणी लावलेलं नाही, कुणी पाणी घातलेलं नाही, आम्ही पोरं त्या पानावर पाण्याचा थेंब पाऱ्यासारखा फिरवत बसायचो. हे मला आठवलं ते दिवाळीनंतर, टेप घेऊन न्हाणीमागं उभा असताना. पान दोन फूट तीन इंच! वर साबणाचा फेस वाळलेला, शेजारी भांड्याचा काथ्या, आणि ते पान असं ऐटीत. मी आईला म्हणलं, तू बाजूला उभी राहा, साइज कळायला फोटो काढतो.

आई पदर सावरून उभी राहिली. "फोटो काढ," म्हणली, "पण पाणी घालू नको. तुझा हात लागला की जातंय ते."