३१ मे अचानकच येतो

अभिनंदन साहेब, कार्यालयप्रमुख झालात! आता पहिलं पथ्य पाळा: कोण कधी निवृत्त होणार हे आधी बघायचं नाही. जन्मतारीख माणूस रुजू होतो त्याच दिवशी सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर चढते. तीत ५८ मिळवायचे, शिपाई असेल तर ६०. तिसरीतलं पोरगंही करेल. म्हणूनच ते काम तुमचं नव्हे.

त्यातून जुन्या गुरुजींचे उपकार. शाळेत नाव घालताना त्यांनी निम्मा महाराष्ट्र १ जूनला जन्माला घातला. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशीच निवृत्त होतो, त्यामुळे ३१ मेला टेबलांची रांगच्या रांग रिकामी होते. दरवर्षी, न चुकता. तरीही १ जूनला तुमच्या तोंडून आलं पाहिजे, "अरेच्चा, आस्थापनेचे भाऊसाहेबसुद्धा गेले?"

शाल-श्रीफळ उरकलं की अतिरिक्त कार्यभार. तलाठ्याकडे दोन सज्जे (म्हणजे त्याच्या हाताखालच्या गावांचे गट) असतील तर तिसरा द्या. फेरफाराला आलेल्या शेतकऱ्याला सांगायचं, तलाठी भाऊसाहेब पलीकडच्या सज्ज्यावर आहेत. पलीकडच्याला अलीकडचं सांगायचं. वर मीटिंग आहेच.

वरून फारच विचारणा झाली तर भरतीचं मागणीपत्र पाठवा, फक्त बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या आरक्षणाची याचा तक्ता, तपासून घेऊ नका. ते परत येतं. तपासून घेईपर्यंत आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, सुधारणेला गेलेला असतो, आणि सुधारित आकृतिबंध मंजूर नाही म्हणून पद भरता येत नाही. तोवर तुमची बदली. (नव्या साहेबांना फाईल पहिल्यापासून समजून घ्यावी लागते, हे ओघानं आलंच.)

कधीतरी जाहिरात निघतेच, घाबरू नका. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या साडेचार हजारांवर जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला शुल्क १,००० रुपये. रिकाम्या खुर्चीवर एवढी वसुली सावकारालाही जमली नसती.

आणि अगदीच अडलं तर गेलेल्यालाच परत बोलवा. शालेय शिक्षण विभागानं जुलै २०२३ मध्ये हेच केलं: नियमित शिक्षक मिळेपर्यंत जिल्हा परिषद शाळांवर निवृत्त गुरुजी, वयोमर्यादा ७०, मानधन महिना २०,००० रुपये. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून बसलेल्या डी.एड.वाल्यांनी गलका केला तर समजावून सांगा, बाळांनो, तुमचीच जागा आहे; तुमचा नंबर लागेपर्यंत तुमचेच गुरुजी ती सांभाळतायत.