‘मासळी पाचपट झाली, मग रडता कशाला?’ : व्हिक्टोरिया सरोवराच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

पूर्व आफ्रिकेतलं व्हिक्टोरिया सरोवर आणि त्यात बाहेरून आणून सोडलेला नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा यांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर लिहिलंत, आणि चांगलंच फटकारलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पर्च सोडल्यावर सरोवरातली मासळी पाचपट झाली, लाखो लोकांच्या हाताला काम मिळालं, आणि मी मात्र कुणी धड खातही नसलेल्या बोटभर माशांसाठी गळा काढतोय. आपल्याकडे धरणांत कटला-रोहू सोडतात तेही बाहेरचेच, मग त्यावर गप्प का? आणि जाता जाता टोमणा: ‘मग काय, पर्च सगळा उपसून काढायचा का?’

पाचपटीचा आकडा बरोबर आहे. 1970च्या दशकात वर्षाला साधारण एक लाख टन मासळी निघत होती, ती 1990च्या सुमारास पाच लाख टनांवर गेली. पण हा हिशेब जाळ्यात आलेल्या माशांचा आहे, पाण्यात असलेल्या माशांचा नव्हे. 1969 ते 1971 या काळात सरोवराच्या तळालगत जाळी ओढून पाहणी झाली, तेव्हा मिळालेल्या माशांच्या वजनात सुमारे 80 टक्के वाटा हॅप्लोक्रोमाइन गटातल्या छोट्या माशांचा होता. तुमचे ‘बोटभर’ मासे ते हेच. काटेरी, लहान, बाजारात उठाव नसलेले. त्यामुळे पकडीच्या वहीत त्यांची नोंद किरकोळ, पण पाण्यात राज्य त्यांचंच.

पर्च सोडण्यामागचा विचारही नेमका हाच होता की या ‘फालतू’ माशांचं रूपांतर विकाऊ मांसात व्हावं. 1950च्या दशकात तो गुपचूप सोडला गेला आणि 1960च्या दशकाच्या सुरुवातीला उघडपणे. जेफ्री फ्रायर यांच्यासारख्या मत्स्यशास्त्रज्ञांनी तेव्हाच विरोध केला होता. शिकारी मासा एक किलो वाढायचा तर त्याच्या पोटात कितीतरी किलो छोटे मासे जावे लागतात. म्हणजे सरोवरातली एकूण मासळी अशा व्यवहारात वाढू शकत नाही. वाढली ती विकता येणारी मासळी, आणि तिच्यामागे धावणाऱ्या होड्या-जाळी. ठेव मोडून घरखर्च भागवला की काही वर्षं घर फार सुखात दिसतं, तसं 1980चं दशक गेलं. हॅप्लोक्रोमाइन आटले तेव्हा पर्च कोळंबीवर आला, डागा नावाच्या चिमुकल्या माशावर आला आणि स्वतःच्या पिल्लांवरही. आपलीच पिल्लं खाऊन पोट भरणारा मासा पुढेही पाचपटीचा वेग टिकवेल, असं मला तरी वाटत नाही. तो टिकलाही नाही. आज सरोवरातून साधारण दहा लाख टन मासळी निघते, पण त्यात निम्म्याहून जास्त डागा आहे.

आता ‘बोटभर माशां’कडे जरा जवळून बघू या, कारण ते इतक्या झटपट का संपले हे त्यांच्या विणीत दडलंय. हॅप्लोक्रोमाइनची मादी अंडी तोंडात धरून उबवते. पिल्लं बाहेर पडल्यावरही धोका दिसला की ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. एवढ्या काळजीचा खर्च असा की अंडी फार नसतात, तोंडात मावतील तेवढीच. उलट पर्चची मोठी मादी लाखोंनी अंडी पाण्यात सोडून मोकळी होते. एका बाजूला मूठभर पिल्लं जपणारी आई आणि दुसऱ्या बाजूला दोन मीटरपर्यंत वाढणारा शिकारी. हॅप्लोक्रोमाइनच्या सुमारे पाचशे जातींपैकी अंदाजे दोनशे नाहीशा झाल्या किंवा नाहीशा होण्याच्या बेताला आल्या. हे सरोवर सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी कोरडं पडलं होतं, असं त्याच्या तळाचा गाळ सांगतो. म्हणजे या जाती फुलल्या त्यानंतर. इतक्या जाती फुलण्याला भूगर्भशास्त्राच्या हिशेबात हा चुटकीभर काळ, आणि त्या गेल्या एका पिढीत.

सगळं खापर पर्चच्या डोक्यावर मात्र फोडता येणार नाही, आणि इथे तुमच्या बाजूचा एक मुद्दा तुम्ही मांडलाच नाहीत, म्हणून मीच मांडतो. सरोवराचं पाणी पर्च बोकाळण्याआधीपासूनच बिघडत होतं. काठची जंगलं तुटली, शेतांतली माती आणि शहरांचं सांडपाणी आत आलं, शेवाळ वाढलं, खोल पाण्यातला प्राणवायू घटला. गढूळपणाचा फटका आणखी एका वाटेने बसला. जवळच्या नात्यातल्या जातींमध्ये एकीचा नर लाल, दुसरीचा निळा, आणि मादी रंग पाहून जोडीदार निवडते. पाणी गढूळ झालं की लाल काय नि निळा काय, सगळे करडेच. माद्यांची निवड चुकते आणि जाती एकमेकींत मिसळून जातात. कुणी कुणाला न खाताही जात अशी पुसली जाते.

शिवाय काही मासे पर्चच्या आधी माणसांनीच संपवत आणले होते. निंगू नावाचा मासा आपल्या रोहूच्या कुळातला, दोघांचंही शास्त्रीय नाव लेबिओने सुरू होतं. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की तो विणीसाठी प्रवाहाविरुद्ध वर चढायचा. आपल्याकडे ज्यांनी चढणीचे मासे पाहिले आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेली गिल जाळी, म्हणजे माशांना कल्ल्यांपाशी अडकवणारी जाळी, नद्यांच्या मुखांवर आडवी लावली गेली. अंड्यांनी भरलेल्या माद्या वर पोचण्याआधीच अडकत गेल्या, आणि 1950च्या दशकापर्यंत निंगूची मासेमारी कोसळली. तेव्हा पर्च अजून दारातच होता.

आता रोजगार. मिळाला, यात वाद नाही. पण कोणाला, हे टनांत मोजून कळत नाही. छोटा मासा उन्हात वाळतो. पर्च मोठा आणि तेलकट, तो टिकवायचा तर धुरी द्यावी लागते, आणि धुरीला सरपण लागतं. पुढे काठावर कारखाने आले आणि पर्चचे काटे काढलेले तुकडे गोठवून युरोपला जाऊ लागले. काठावर मासे घेऊन, वाळवून विकणाऱ्या बायकांना कारखान्याच्या भावापुढे चांगला मासा परवडेना. कारखान्यातून उरलेले डोकी-सांगाडे मात्र स्थानिक बाजारात आले. केनियात त्यांना ‘म्गोंगो वाझी’ म्हणतात, म्हणजे उघडी पाठ. तळून खातात, चवीने खातात, पण मांस गेलं परदेशी आणि पाठीचा काटा राहिला गावात, हे तुमच्या पाचपटीत कुठे दिसतं? बाजार परदेशी असल्याची झळही बसली: 1997 ते 2000 या काळात युरोपने आरोग्याच्या कारणांवरून या सरोवराच्या मासळीवर वेगवेगळ्या वेळी बंदी घातली, आणि कारखान्यांबरोबर होड्याही काठाला लागल्या.

कटला-रोहूबद्दल. दख्खनच्या धरणांत हे मासे बाहेरचे, हे खरंच. पण ते साचलेल्या पाण्यात सहसा विणत नाहीत, त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. पूर्वी नद्यांतून त्यांचं बीज, म्हणजे चिमुकली पिल्लं, गोळा करावं लागायचं. 1957मध्ये मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरींनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन त्यांची वीण घडवून आणली, तेव्हापासून बीज केंद्रात तयार होऊ लागलं. म्हणून बहुतेक ठिकाणी दरवर्षी बोटुकली सोडावी लागते, आणि सोडणं थांबवलं की हे मासे ओसरतात. शिवाय रोहू काही दुसऱ्या माशांच्या मागे लागत नाही. पर्चला कुणी दरवर्षी सोडत नव्हतं, तो स्वतःच्या बळावर वाढला. आपल्या धरणांतलं उदाहरण द्यायचंच होतं तर तिलापियाचं द्यायला हवं होतं. तोही तोंडात अंडी उबवतो, न सांगता वाढतो, आणि त्याच्यावर मी गप्प बसणार नाही.

राहिला टोमणा. पर्च उपसून काढायचा का? एवढ्या मोठ्या सरोवरातून, सुमारे 68,800 चौरस किलोमीटर, कुठलाच मासा उपसून निघत नाही. पण तुम्ही थट्टेत विचारलेल्या गोष्टीचा अर्धा भाग घडलाय. 1990च्या दशकात पर्चची बेसुमार मासेमारी झाली, त्याची संख्या खाली आली, आणि काही हॅप्लोक्रोमाइन जाती पुन्हा दिसू लागल्या. म्हणजे पर्चचे कोळी ज्याला अतिमासेमारी म्हणून घाबरतात, तीच या छोट्यांना जगू देते. दोघांचं हित एका नियमात बसवणं अवघड आहे. नियम आखला गेला तो पर्चच्या बाजूचा: 50 ते 85 सेंटिमीटर लांबीचाच मासा घ्यायचा, लहान वाढू द्यायचा आणि मोठ्या माद्या विणीसाठी ठेवायच्या. त्यात आता पर्चच्या बोताला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, चीनमध्ये भाव आला आहे. आपल्याकडे घोळ माशाच्या बोतासाठी काय चालतं ते तुम्हाला ठाऊक असेलच. मासा जितका मोठा तितकं बोत मोठं, त्यामुळे ज्या माद्या ठेवायच्या त्यांच्यावरच सगळ्यांचा डोळा. निर्यातीच्या कारखान्याच्या दारात लांबी मोजता येते. बोत काठावर काढून खिशात टाकलं की कोण मोजणार?