क्रूझला व्हिसा लागतो, आणि सिंगल एंट्री पुरत नाही

परवा रात्री साडेदहाला सांगलीहून मामांचा फोन आला. "अगं, युरोपच्या व्हिसाचा फॉर्म भरून झाला बघ. त्या एंट्रीच्या रकान्यात सिंगलवर खूण केली. सिंगल मागितला की पटकन मिळतो म्हणे." कुणी सांगितलं, असं विचारल्यावर त्यांनी ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर आलेला एक लांबलचक मेसेज मला पाठवला. तोच मेसेज आठवड्याभरात मला आणखी दोघांकडून आला होता आणि मी तो पुरता न वाचताच सोडून दिला होता. चूक झाली. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

मामा-मामींच्या लग्नाला यंदा ४० वर्षं होतायत. अथेन्समध्ये दोन दिवस, मग पिरेअस बंदरातून चार रात्रींची क्रूझ आणि शेवटी रोममध्ये तीन दिवस, असा त्यांचा बेत आहे. पैसे दोघांनी वर्षानुवर्षं बाजूला टाकलेले. त्यामुळे हे लिहिताना माझा आवाज चढला असेल, तर चढू दे.

मेसेजात काय आहे ते आधी सांगते. क्रूझ आंतरराष्ट्रीय पाण्यातून जाते म्हणून व्हिसा लागत नाही. जिथून निघते तिथेच परतणारी क्रूझ असेल तर पासपोर्टही नको, आधार पुरतं. बंदरात उतरायला बोटीवरचं कार्ड हाच पास, कुणी काही विचारत नाही. अगदीच भीती वाटत असेल तर शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, सिंगल एंट्री (एकदाच आत शिरता येणारा) व्हिसा काढा, तो लवकर मिळतो आणि सगळ्या बेटांना चालतो. ज्या देशाची अपॉइंटमेंट आधी मिळेल तिथे अर्ज करा. क्रूझचे पूर्ण पैसे आधीच भरा, पावती दाखवली की व्हिसा नाकारत नाहीत. विमा भाड्यातच असतो. आणि खाली पुरावा म्हणून: "माझा पुतण्या क्रूझवर शेफ आहे, तो व्हिसाशिवाय बंदरात फिरतो."

आधारचा मुद्दा आधी संपवते. हा नियम कुठून उचललाय ते कळतं. अमेरिकेच्या एखाद्या बंदरातून निघून त्याच बंदरात परतणाऱ्या ठरावीक क्रूझवर अमेरिकन नागरिकांना पासपोर्टऐवजी जन्माचा दाखला आणि सरकारी फोटो ओळखपत्र चालतं. अमेरिकन नागरिकांना. कुणीतरी त्यांचा व्हिडिओ बघितला, जन्मदाखल्याच्या जागी आधार टाकलं आणि दिलं पाठवून. आधार घेऊन पिरेअसच्या धक्क्यावर कुणी उभं करणार नाही. तिथवर जायचा प्रश्नच नाही म्हणा, मुंबईच्या विमानतळावरूनच माघारी यावं लागेल. मुंबईहून गोव्याला जाणारी क्रूझ करून आलेल्यांना व्हिसा लागला नाही हे खरं आहे, पण ते देशातल्या देशात फिरून आले.

आंतरराष्ट्रीय पाणी. समुद्राच्या मध्यावर कुणाचाच व्हिसा लागत नाही, हे कबूल. पण क्रूझ समुद्राच्या मध्यावर सुरू होत नाही. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाला आपली हद्द धरता येते, आणि बंदर तर त्याच्याही आत, देशाच्या अंतर्गत पाण्यात येतं. मामांना ज्या बंदरात चढायचंय तो ग्रीस आहे. त्या बंदरापर्यंत पोचायला अथेन्सच्या विमानतळावर उतरायचंय, तोही ग्रीसच. बोटीतून खाली पाऊल ठेवणार नाही असं ठरवलं तरी चढण्याआधीच व्हिसा लागला.

आता "कुणी काही विचारत नाही" या वाक्याबद्दल, कारण यात अर्धं सत्य आहे आणि लोक नेमके त्यावरच विश्वास ठेवतात. २०१८ साली मी आणि नवरा याच मार्गावर गेलो होतो. चढताना पासपोर्ट रिसेप्शनवर जमा करून घेतले आणि हातात एक कार्ड दिलं. बेटावर उतरताना गँगवेपाशी, म्हणजे जहाजातून उतरायच्या पुलापाशी, ते कार्ड यंत्राला लावायचं, टिंग असा आवाज यायचा, पडद्यावर आपला फोटो दिसायचा आणि आपण बाहेर. धक्क्यावर ना रांग, ना खिडकी, ना शिक्का. ज्याने मेसेज लिहिला तोही असाच उतरला असेल आणि व्हिसा कुणाला लागतच नाही असं त्याला वाटलं असेल.

पण तपासणी झालेली असते, ती आपल्याला दिसत नाही इतकंच. शेंगेन हद्दीच्या सीमा कशा सांभाळायच्या याचा युरोपीय संघाचा कायदा आहे, २०१६ चा ३९९ क्रमांकाचा नियम. त्याच्या सहाव्या परिशिष्टात क्रूझ जहाजांसाठी वेगळा भाग आहे. जहाजाच्या कप्तानाने किंवा कंपनीच्या प्रतिनिधीने प्रवाशांची नावनिशीवार यादी बंदरात पोचण्याच्या किमान २४ तास आधी द्यायची. जहाज शेंगेनबाहेरच्या बंदरातून येत असेल तर त्या यादीवरून प्रवेशाची तपासणी होते, आणि खाली उतरणाऱ्या प्रवाशांना प्रत्यक्षही तपासलं जातं. धोका नाही असं सीमा अधिकाऱ्यांना वाटलं तर प्रत्यक्ष तपासणी ते सोडू शकतात. सोडायची की नाही हे अधिकारी ठरवतात, प्रवासी नाही. आणि तपासणी सुटली म्हणून व्हिसाची अट सुटत नाही. जहाजाचा सगळा मार्ग शेंगेनमधल्याच बंदरांतून असेल तर मध्ये सीमा तपासणी होत नाही, हेही त्याच परिशिष्टात आहे. म्हणजे मेसेजवाल्याचा अनुभव खरा, त्यावरून काढलेला अर्थ खोटा.

शिवाय कागद नसलेला प्रवासी आणला तर युरोपात वाहतूक कंपनीला माणशी काही हजार युरोंचा दंड होतो. म्हणून विमान कंपनी आणि जहाज कंपनी चेक-इनलाच व्हिसा बघतात. तिथे अडवलं तर पैसे परत मिळत नाहीत. आपले कागद पुरे असणं ही आपली जबाबदारी, असं जहाज कंपन्यांच्या अटींत लिहिलेलं असतं आणि बुकिंग करताना आपण त्याला मान्यता दिलेली असते.

यानंतरचा मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो ऐकून माणूस व्हिसा काढतो, निर्धास्त होतो आणि तरीही अडकतो. सिंगल एंट्री.

मामांच्या क्रूझचा मार्ग असा आहे: पिरेअसहून निघून पहिल्या संध्याकाळी मिकोनोस, दुसऱ्या सकाळी कुशादासी, त्याच संध्याकाळी पॅटमोस, मग रोड्स, क्रीट, सँटोरिनी आणि परत पिरेअस. नकाशा न बघता वाचलं तर ही सगळी ग्रीक बेटं वाटतात. मामांनाही तेच वाटलं होतं. कुशादासी तुर्कीत आहे. इफेससचे प्राचीन अवशेष बघायला लोक तिथे उतरतात. तुर्की शेंगेनमध्ये नाही. म्हणजे अथेन्सला उतरले ती पहिली एंट्री. दुसऱ्या सकाळी कुशादासीला गेले की शेंगेनमधून बाहेर. संध्याकाळी पॅटमोसला आले की दुसरी एंट्री. सिंगल एंट्री व्हिसा असता तर क्रूझच्या दुसऱ्याच दिवशी मामा-मामी युरोपात व्हिसाशिवाय असते. पुढची तीन बेटं, अथेन्स, रोम, परतीचं विमान, सगळं लटकलं असतं. खरं तर तिथवर पोचलेच नसते, पिरेअसच्या चेक-इनवरच व्हिसा बघून थांबवलं असतं.

मी मामांना सांगितलं, मामींचा जुना पासपोर्ट उघडा. २०१५ साली दोघं मुलीकडे जर्मनीला गेले होते, तो व्हिसा अजून त्यात आहे. त्यावर वैधतेच्या तारखांखाली एंट्रीची संख्या लिहिलेली असते. एकदा असेल तर ०१, दोनदा असेल तर ०२, कितीही वेळा असेल तर इंग्रजीत मल्ट. त्याच्या शेजारी किती दिवस राहता येईल तो आकडा. मामींनी चष्मा लावून वाचलं, "शून्य एक." त्या वेळी चाललं, कारण एकदा आत गेले आणि एकदाच बाहेर पडले. या वेळी चालणार नाही.

मामांच्या मार्गाला दोन एंट्री पुरतात. कुशादासी आणि इस्तंबूल दोन्ही असतील आणि मध्ये ग्रीक बेट असेल तर तीन लागतात, तेव्हा मल्टिपलच मागावा. एड्रियाटिक समुद्रातल्या क्रूझलाही हीच गोष्ट. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दुब्रोव्निकची काळजी नाही. पण मॉन्टेनेग्रोचं कोटोर शेंगेनबाहेर आहे. आणि वाटेत ब्रिटनचं बंदर असेल तर त्यांच्या व्हिसाचं वेगळं बघावं लागतं.

राहिलं "सिंगल लवकर मिळतो". साफ खोटं. शेंगेनच्या व्हिसा संहितेत निर्णयाची मुदत १५ दिवसांची आहे, अडचण असेल तर ४५ पर्यंत. एंट्री एक मागा की अनेक, मुदत तीच आणि फीही तीच, मोठ्या माणसाला ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. १५ दिवसांवर विसंबू नका, मे-जूनमध्ये अपॉइंटमेंटच मिळता मिळत नाही. कव्हर लेटरमध्ये तारीखवार बंदरं लिहा, कुशादासीपुढे "तुर्की" असं स्पष्ट लिहा आणि म्हणून दोन एंट्री हव्यात असं एका वाक्यात सांगा. पासपोर्ट परत आला की पाकीट फोडून आधी तो एंट्रीचा आकडा बघा. मागितलं दोनदा आणि दिलं एकदाच, असंही होतं.

लवकर अपॉइंटमेंट मिळेल त्या देशाकडे अर्ज करा, हा सल्ला देणाऱ्याला परिणाम माहीत नसावेत. व्हिसा कुठल्याही शेंगेन देशाने दिला तरी सगळीकडे चालतो, एवढं खरं. पण अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडेच करायचा असतो. दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार त्या देशाकडे. मामांचे ग्रीसमध्ये जास्त दिवस, म्हणून ग्रीस. लोक काय करतात, दुसऱ्या देशाची तारीख मिळाली की तिथली खोटी हॉटेलं दाखवतात. ते पकडलं गेलं की नकार येतो आणि तो नकार युरोपच्या व्हिसा माहिती प्रणालीत पाच वर्षं राहतो. पुढच्या अर्जाच्या वेळी प्रत्येक शेंगेन वकिलातीला तो दिसतो. नवीन पासपोर्ट काढून पुसला जात नाही, बोटांचे ठसे दिलेले असतात.

पैसे भरले म्हणजे व्हिसा नक्की, हेही नाही. वकिलात बघते ती माणसं परत येणार का आणि खर्च झेपणार का हे. पेन्शनचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्र यांना वजन आहे. क्रूझचं बुकिंग हवं, पण रद्द केलं तर पैसे परत मिळतील असं. विम्याचंही तसंच: किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा, सगळ्या शेंगेन देशांत आणि सगळ्या मुक्कामाला चालणारा, वेगळा काढावा लागतो. भाड्यात जेवण असतं, विमा नाही.

आता तो पुतण्या. त्याच्याबद्दल मला राग नाही, तो खरंच बोलला असेल. गोव्यातले तारवटी, रत्नागिरीकडची मुलं, पिढ्यान् पिढ्या बोटीवर नोकरी करतात. १९६५ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार खलाशांना बंदरात थोडा वेळ उतरायला बऱ्याच देशांत व्हिसा मागत नाहीत. महिनोन् महिने पाण्यावर राबणाऱ्या माणसाला जमिनीवर पाय टेकवता यावा म्हणून ती सवलत आहे, आणि ती योग्यच आहे. त्याच्याकडे सीडीसी, म्हणजे खलाशाची अधिकृत नोंदवही असते, कंपनीचा करार असतो. मामांकडे तिकीट आहे. आणि अमेरिकेत तर त्या पुतण्यालाही कर्मचाऱ्यांचा वेगळा व्हिसा काढावा लागतो.

अमेरिकेवरून आठवलं, अलास्काची क्रूझ ठरवणाऱ्यांनी एक बघा. सिएटलहून निघून सिएटललाच परतणारी बोट म्हणजे फक्त अमेरिकेचा व्हिसा, असं वाटतं. पण १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजांना वाटेत परदेशी बंदर घ्यावंच लागतं, म्हणून या बोटी कॅनडाच्या व्हिक्टोरियाला थांबतात. तेव्हा कॅनडाचाही व्हिसा लागतो.

मामांनी फॉर्म बदलला. मामींनी वहीत दोन रकाने आखून बंदरांची यादी केली, एकीकडे शेंगेन, दुसरीकडे बाहेर. दुसऱ्या रकान्यात एकच नाव. मग त्यांनी विचारलं, "अगं, पण मग तुर्कीचा व्हिसा?" प्रश्न बरोबर होता. तुर्कीच्या कायद्यात समुद्रमार्गे येऊन बंदराचं शहर आणि आसपास फिरणाऱ्या प्रवाशांना ७२ तासांपर्यंत व्हिसातून सूट आहे. मेसेजातल्या त्या "पास"ची मूळ गोष्ट बहुधा हीच. तरीही जहाज कंपनी काय मागते ते लेखी विचारायचं ठरलंय. मागितलाच, तर वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना तुर्कीचा ई-व्हिसा ऑनलाइन काढता येतो. कंपनीला ईमेल काल पाठवला.